‘अर्ध्या किमतीत कॉम्प्युटर’ : त्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. वाड्यावरच्या, नातेवाइकांच्या आणि चक्क भजनी मंडळाच्या. मजकूर असा : ‘ब्रँडेड कॉम्प्युटर घेणारा फसतो. पार्ट आणा, घरी जोडा. अर्धी किंमत, अर्ध्या तासाचं काम, प्रत्येक पार्टला तीन वर्षं वॉरंटी. पुढची दहा वर्षं फक्त पार्ट बदलत राहा.’ खाली पार्टांची यादी आणि भाव.

मी स्वतः गोव्यात, फोंड्यात घरी असेंबल केलेल्या मशीनवरच काम करतो, पुढेही करीन. पण हा मेसेज वाचून डिचोलीच्या आमच्या वहिनी हिशेबाच्या कामासाठी मशीन जोडायला निघाल्या, तेव्हा गप्प राहवेना.

आधी अर्ध्या किमतीचं. वहिनींना हवंय ते साधं ऑफिसचं मशीन : टॅली, इंटरनेट, प्रिंटर. या वर्गात तयार मशीन बहुतेक वेळा स्वस्तच पडतं, कारण कंपनी प्रोसेसर आणि विंडोज घाऊक भावात घेते. आपण दोन्ही सुटं घेतो. विंडोजचं अस्सल लायसन्स सुटं घ्यायचं तर दहा हजारांच्या आसपास जातात, आणि मेसेजच्या हिशेबात ती ओळच नाही! ती का नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे : चोरीची कॉपी. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, तेव्हाही चटका आधी सुटी रॅम घेणाऱ्यालाच बसला. ग्राफिक कार्ड लागणारं मोठं मशीन असेल, गेमिंगचं किंवा व्हिडिओ एडिटिंगचं, तर जोडण्यात पैसे वाचतात हे खरं. पण अर्धे नव्हेत. मेसेजमधले भाव मुंबईच्या कॉम्प्युटर बाजाराचे, लॅमिंग्टन रोडचे दिसतात, तेही कच्च्या बिलाचे. पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि मुंबईहून पार्सल काही फुकट येत नाही.

अर्धा तास? सवयीच्या हाताला कदाचित. पहिल्यांदा जोडणाऱ्याने रविवार मोकळा ठेवावा. कॅबिनेटच्या मागची पत्र्याची पट्टी बसवायची विसरून सगळं पुन्हा उघडणं हा तर आमच्यातला संस्कारच आहे. खरी भीती सॉकेटची, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेची. इंटेलच्या आणि एएमडीच्या प्रोसेसरांसाठीच्या नव्या मदरबोर्डांवर बारीक पिना बोर्डातच असतात. एक वाकली की दुकानदार हात वर करतो.

आता वॉरंटी. मेसेजमधलं हे सगळ्यात खरं वाटणारं वाक्य, म्हणून सगळ्यात फसवं. डबाबंद प्रोसेसरला तीन वर्षं वॉरंटी असते, चांगल्या एसएमपीएसला (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याला) पाच-सात वर्षंही. स्वस्त म्हणून बिनडब्याचा ‘ट्रे’ प्रोसेसर घेतलात तर ती बहुधा दुकानदाराच्या शब्दापुरती. पण मशीन बंद पडतं तेव्हा ते कुठला पार्ट गेला हे सांगत नाही. काळा पडदा, एवढंच.

एका जुलैत माझं मशीन असंच गेलं. पहिला संशय रॅमवर. काढली, सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवला, परत बसवली. आपल्याकडे पावसाळ्यात निम्मे कॉम्प्युटर याच उपायाने उठतात. माझा उठला नाही. दुसरा एसएमपीएस लावून पाहायला हवा होता, तो घरात नव्हता. भर पावसात कॅबिनेट प्लास्टिकमध्ये गुंडाळून स्कूटरच्या पुढ्यात ठेवलं आणि पणजी गाठली. दुकानदार म्हणाला, बोर्ड. बोर्ड मुंबईला गेला आणि तीन आठवड्यांनी ‘दोष नाही’ अशा चिठ्ठीसह परत आला. गेला होता एसएमपीएसच. वॉरंटी दोन्हींची शाबूत होती, मशीन मात्र महिनाभर बंद. मला त्यात थोडी मजाही आली, खोटं का बोलू? वहिनींना ती येणार नाही. त्यांना ठरल्या तारखेला रिटर्न भरायचं असतं. दारात येऊन दुरुस्त करण्याची वॉरंटी असलेलं तयार मशीन घेतलं, तर दोष शोधण्याचं काम कंपनीच्या माणसाचं.

यूट्यूबवर स्टॅटिकचं, म्हणजे अंगावरच्या स्थिर विजेने पार्ट जळण्याचं भय घालतात. आषाढात आपल्याकडे स्टॅटिक शोधून सापडायची नाही. इथला शत्रू ओल, खारा वारा आणि दर सरीला लपंडाव खेळणारी वीज. मेसेजच्या यादीत यूपीएसही नाही, तो धरा.

दहा वर्षं पार्ट बदलण्याचं म्हणाल, तर कुठला सॉकेट घेतलात यावर सगळं. एएमडीचा एएम४ खरंच टिकला : २०१७च्या पहिल्या रायझन प्रोसेसरसाठी घेतलेल्या कित्येक बोर्डांवर बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून पुढे ५००० मालिकेचे प्रोसेसर बसले. इंटेलच्या आठव्या पिढीपासून २०२४पर्यंत मात्र एकामागून एक चार सॉकेट झाले. प्रोसेसर बदलायचा तर बोर्ड बदला, आणि बोर्ड नव्या डीडीआर५ रॅमचा आला की जुनी डीडीआर४ रॅम कपाटात. टिकतात ती कॅबिनेट आणि चांगला एसएमपीएस. एटीएक्सचा, म्हणजे त्यांच्या ठरलेल्या मापांचा साचा १९९५पासून चालत आलाय.

‘ब्रँडेड घेणारा फसतो’ हे मेसेजचं म्हणणं मात्र मी पुरतं खोडणार नाही. काही तयार मशीनांत बोर्ड आणि एसएमपीएस कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. वॉरंटी संपल्यावर एसएमपीएस गेला तर बाजारातला बसत नाही. रॅमची एकच पट्टी घालून दुसरी जागा रिकामी ठेवण्याची खोडही आहेच. घेण्याआधी या दोन गोष्टी दुकानदाराला तोंडावर विचारा.

वहिनींना तयार मशीन घ्यायला सांगितलं, वर दुसरी रॅम आणि यूपीएस. त्यांचा मुलगा फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, तो हिरमुसला. त्याला म्हटलं, तू जोड. तुला ते बिघडलेलंही हवंय. पण गणपतीची चवथ होऊन पाऊस ओसरू दे. आणि पार्ट मागवायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून तुझ्या खोलीतल्या प्लगचं अर्थिंग तपासून घे, स्क्रू ड्रायव्हर माझा ने.