कारंज्याच्या टाकीत डास का झाले: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

ताई, नमस्कार.

सोसायटीच्या आवारात छोटं तळं करण्याविषयीच्या लेखावर तुम्ही घणसोलीहून लिहिलंत की महापालिकेची माणसं दारोदार फिरून कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करायला लावतात आणि आम्ही मात्र हजार-दोन हजार लिटर पाणी उघड्यावर साठवायला सांगतो. तुमच्याकडची कारंज्याची टाकी दर १५ दिवसांनी रिकामी होत होती, तरी अळ्या सापडल्या आणि तीन घरांत डेंग्यू झाला. वर बेडकांमागे साप येतील, ही काळजी. डासांचा विषय मूळ लेखात दोन ओळींत उरकला होता. ती चूकच झाली.

तुमची टाकी नेमकी त्या १५ दिवसांमुळे बिघडली. आपल्याकडच्या उकाड्यात अंड्यापासून उडत्या डासापर्यंत ८ ते १० दिवस पुरतात. त्याच अळ्या खाणाऱ्या चतुराच्या (ड्रॅगनफ्लायच्या) पिल्लाला पाण्यात वाढायला दीड-दोन महिने लागतात, काही जातींना त्याहून जास्त. म्हणजे दर खेपेला डासाची एक पिढी उडून जाते आणि तिला खाणारा कधीच मोठा होत नाही. शिवाय डेंग्यू पसरवणारी एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेघेच्या जरा वर, ओल्या भिंतीला चिकटवते. ती कोरडी पडली तरी काही महिने टिकतात. नुसतं पाणी सोडून दिलं आणि भिंत काथ्याने खसाखसा घासली नाही, तर नवं पाणी त्या रेघेला लागताच अळ्या तयार. म्हणून पाणी एकतर दर आठवड्याला घासूनपुसून काढायचं, नाहीतर कधीच पूर्ण उपसायचं नाही. मधला मार्ग घातक. महापालिका बशांबद्दल सांगते ते शंभर टक्के खरं आहे. बशीत चतुर वाढत नाही.

तळ्यातही पहिले दोन महिने धोक्याचेच, कारण डास पहिल्या आठवड्यात पोचतो. ते असे सांभाळायचे: काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा, जूनमध्ये नको. नळाचं पाणी भरून तीन दिवस तसंच ठेवा, क्लोरीन उडून जाऊ दे. मग ८-१० पट्टेरी पँचॅक्स सोडा. हा आपल्याच पश्चिम किनाऱ्याचा बोटभर मासा, डोक्यावर चमकता पांढरा ठिपका, सतत पाण्याच्या वरच्या थरात. आणि अळ्या श्वास घ्यायला तिथेच लटकतात. मत्स्यालयाच्या दुकानातून आणा, ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या ओढ्यातून पकडून नको. गप्पी बंद टाकीला ठीक, पण उघड्या तळ्यातून जुलैत ते वाहून नाल्यात जातात. कोई आणि गोल्डफिश तर बेडकांची पिल्लं फस्त करतात.

दर रविवारी पांढऱ्या मगने कडेच्या दहा जागांचं पाणी काढून उजेडात बघा. वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या, तर बीटीआयची (डासांच्या अळ्या मारणाऱ्या एका जिवाणूची) पावडर पाकिटावरच्या मापाने टाका. डासांच्या अळ्या मरतात, मासे आणि चतुर सुखरूप राहतात. अळ्या बहुतेक वेळा मुख्य पाण्यात नसतातच. काठाच्या दगडांमधल्या खळग्यांत मासा पोचत नाही, तिथे सापडतात. असे खळगे मातीने बुजवा. आणि कडेच्या वेखंडाच्या पात्यावर चतुराची पाठीवर फाटलेली, पोकळ तपकिरी कात चिकटलेली दिसली, की समजा तळं मार्गी लागलं. त्यासाठी उभी पाती हवीतच. नुसत्या कुमुदाच्या सपाट पानांवर भागत नाही.

लायनरचं, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून खड्ड्यात अंथरायच्या जाड कागदाचं, माप बहुतेकांचं चुकतं. ८ बाय ६ फूट तळं, खोली २ फूट, तर लांबीला ८ अधिक खोलीचे दुप्पट ४ अधिक दोन्ही काठांचे २, म्हणजे १४ फूट; त्याच हिशोबाने रुंदी १२ फूट. खाली दोन इंच चाळलेली रेती, तिच्यावर जुनी सतरंजी. एका बाजूला एक फुटाला तीन फूट असा उतार ठेवा; बेडकाला बाहेर पडता येतं, मूलही घसरत नाही. लहान मुलं असतील तर पाण्याखाली तीन इंचांवर वेल्डेड जाळी बसवाच. कुंड्यांत चिकणमाती आणि वर रेती; शेणखत घातलंत तर पंधरवड्यात पाणी हिरवंगार. पाणकणीस टाळा, त्याची मुळं लायनर फोडतात. जलपर्णी तर मुळीच नको.

नवी मुंबईच्या खाडीलगतच्या नोड्समध्ये, म्हणजे वसाहतींमध्ये, एक वेगळी अडचण. पावसात भूजल वर येतं, आणि तेव्हा तळं उपसलं तर खालच्या दाबाने लायनर फुगून वर येतो. ओव्हरफ्लोला दोन इंची पाइप आणि तोंडाला जाळी. उन्हाळ्यात आठवड्याला दीड-दोन इंच पाणी उडतं, तेवढंच भरा.

साप. बेडूक असतील तिथे दिवड येऊ शकतो. तो बिनविषारी आहे. नाग-घोणस खेचून आणतात ते उंदीर, म्हणजे उघडा कचरा आणि पडलेलं डेब्रिस. आधी ते उचला. साप दिसलाच तर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. काठी उचलू नका. आणि तळ्याभोवती धूरफवारणी थांबवा. पाण्यातल्या अळ्या तिने मरत नाहीत, उडणारे चतुर आणि फुलपाखरं मरतात.

आता तुमची टाकी. दर रविवारी मग घेऊन उभं राहणारं कुणी नसेल तर तळ्याचा नाद सोडा. टाकीच्या तळाला भोकं पाडा, माती भरा, कढीपत्ता, लिंबू आणि रुई लावा. फुलपाखरं त्यावर अंडी घालतात. माणूस असेल तर कारंजं बंद करावं लागेल, कारण पंप पिल्लं ओढतो आणि सततच्या तुषारांनी कुमुदाची पानं कुजतात. टाकी पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या स्लॅबवर, असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय पातळी वाढवू नका. एक फूट खोल पाण्याचा भार दर चौरस फुटाला २८ किलो होतो. लांबी, रुंदी, खोली आणि टाकी जमिनीवर आहे की स्लॅबवर, एवढं कळवा. उतार कुठून द्यायचा आणि किती कुंड्या बसतील, ते मापासकट लिहून देतो.