एचआयव्हीची गोळी काविळीच्या रुग्णाला का?

ताई, तुमचा राग पोचला. तुमचं म्हणणं असं की, जुनी औषधं नव्या आजाराला लावणं म्हणजे कंपन्यांनी पडून राहिलेला माल खपवणं. हिपॅटायटिस बी (विषाणूमुळे होणारी यकृताची सूज, एक प्रकारची कावीळ) असलेल्या तुमच्या भावाला टेनोफोविर ही विषाणूविरोधी गोळी दिली, डबीतल्या कागदावर 'एचआयव्ही' वाचून घरात नको ते संशय सुरू झाले. आजार मुळातून जाणारच नाही तर गोळी कशाला, म्हणून त्याने ती बंद केली.

आधी हे शेवटचं, कारण ते तातडीचं आहे. ही गोळी मनाने बंद करायची नसते. दबलेला विषाणू उसळतो, यकृताला जोरात सूज येऊ शकते. सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक झालेलं, असेल तर जिवावर बेततं. आजच त्याच्या डॉक्टरांना कळवा, एसजीपीटी (यकृताची सूज दाखवणारी रक्ततपासणी) आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) तपासून घ्या. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

आता एचआयव्हीबद्दल. हिपॅटायटिस बीच्या विषाणूचा जनुकीय मजकूर डीएनएमध्ये असतो, पण वाढताना तो आधी त्याची आरएनए ही नक्कल बनवतो आणि त्यावरून उलटा डीएनए लिहून काढतो. असं उलटं लिहिणारं एन्झाइम एचआयव्हीकडेही असतं. टेनोफोविर त्या लिखाणात खोटं अक्षर घुसवतं आणि साखळी तिथेच थांबते. म्हणून २००१ मध्ये अमेरिकेत एचआयव्हीसाठी मंजूर झालेलं औषध २००८ मध्ये हिपॅटायटिस बीसाठीही मंजूर झालं. ते घेतो म्हणजे भावाला एचआयव्ही आहे, असं अजिबात नाही. घरातल्या मोठ्यांना हे समोर बसवून सांगा, तो एकटा किती जणांना समजावणार?

माल खपवण्याचा आरोप इथे मला पटत नाही. भारतात २००९ मध्ये या औषधाचे पेटंट अर्ज फेटाळले गेले, आणि आज ते कितीतरी कंपन्या बनवतात, म्हणजे ते एकाच कंपनीच्या हातात नाही.

तुमच्या अविश्वासाला एक भक्कम आधार मात्र आहे. फियालुरिडिन हे आधी दुसऱ्या विषाणूंवर आजमावलेलं औषध १९९३ मध्ये अमेरिकेत हिपॅटायटिस बीच्या १५ रुग्णांना दिलं गेलं. सात जणांचं यकृत निकामी झालं, पाच जण दगावले. प्राण्यांवरच्या चाचण्यांत हा धोका दिसलाच नव्हता. म्हणून 'अमुक जुनी गोळी लिव्हरलाही चालते' असं कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, तर ती दुकानातून आणून घेऊ नका. टेनोफोविरची गोष्ट वेगळी: ते या आजाराच्या रुग्णांवर वर्षानुवर्षं तपासलं गेलंय.

आजार मुळातून जात नाही, हे बहुतेकांच्या बाबतीत खरं आहे. विषाणूचा मूळ डीएनए यकृताच्या पेशींच्या केंद्रकात बसलेला असतो, तिथवर ही गोळी पोचत नाही. पण पाच वर्षं टेनोफोविर घेतलेल्यांच्या यकृताचे तुकडे तपासले, तेव्हा सुरुवातीला सिरॉसिस असलेल्या ९६ पैकी ७१ जणांत सिरॉसिस उरला नव्हता. भावाला हा आकडा नक्की सांगा. आणि घरातल्या बाकीच्यांची एचबीएसएजी (रक्तातून हिपॅटायटिस बी ओळखणारी) तपासणी झाली नसेल तर करून घ्या. ज्यांना संसर्ग नाही आणि लसही झालेली नाही, त्यांना लस द्या.