छावणीतला हातमाग

1944 मध्ये सोव्हिएत फौजा पुन्हा चालून येऊ लागल्या, तेव्हा बाल्टिक समुद्राकाठच्या लात्व्हिया या छोट्या देशातून लाखाहून अधिक माणसे पश्चिमेकडे निघाली. काहींनी बोटीने स्वीडन गाठले, पुष्कळजण जर्मनीतील निर्वासित छावण्यांत पोहोचले आणि पुढे इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया असे पांगले. त्यांच्या विणकामाविषयी बोलताना ‘गावाची ओढ’ हे शब्द सर्रास वापरले जातात. मला ते अपुरे वाटतात.

अन्ना आपिनिस या विणकर बाईंचा, जर्मनीतील मेमिंगेनच्या छावणीत तयार झालेला हातमाग मेलबर्नच्या संग्रहालयाने जपला आहे. कापडाइतकाच मागही जपावा, हे मला अगदी योग्य वाटते. कारण पुढच्या वर्षी आपण कोणत्या खंडात असू हे ठाऊक नसताना माग उभा करणारी बाई नुसती आठवणीत रमलेली नसते, ती थांबलेले काम पुन्हा हाती घेत असते.

लात्व्हियातल्या लिएल्वार्दे गावचा प्रसिद्ध कमरपट्टा पाहावा. पांढऱ्या लिननवर लाल लोकरीची नक्षी असते आणि पट्टा पुढे सरकतो तशी ती बदलत जाते. कोणते धागे उचलायचे आणि कोणते सोडायचे, ही मोजणी म्हणजेच ती नक्षी. त्यामुळे घरातली पेटी मागे राहिली, तरी ज्या बोटांना मोजणी ठाऊक होती त्यांच्याबरोबर नक्षी सरहद्द ओलांडू शकली. या खुणांत ‘अग्निक्रूस’ही आहे, जो आपल्याला थेट स्वस्तिकच वाटेल. (नाझींनी तेच रूप उचलल्यावर आजीच्या हातमोज्यांवरची खूण परक्या शेजाऱ्यांना समजावून सांगणे किती अवघड झाले असेल!)

2004 मध्ये लात्व्हिया युरोपीय संघात गेल्यानंतरचे स्थलांतर मात्र निराळे आहे. 1990 च्या सुमारास साडेसव्वीस लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या आज एकोणीस लाखांच्या खाली आली आहे. जन्मदर घटला हे खरे, पण माणसे बाहेर गेली हेही तितकेच मोठे कारण आहे. आयर्लंडमधील अळिंबीच्या शेडमध्ये राबणाऱ्या तरुणीला परतीचा रस्ता बंद नाही, फक्त परतणे परवडत नाही. तिच्या अनुभवावरच्या कापडातही छावणीतल्या पिढीचाच शोक शोधणे मला अन्यायाचे वाटते. त्यात स्वस्त विमानाचे तिकीट, रात्रपाळी आणि आईशी होणारा व्हिडिओ कॉल यावा; लिएल्वार्देची एकही खूण आली नाही, तरी माझी तक्रार नाही.