पहिला ओरडेल तो फिर्यादी

फर्ग्युसन रस्ता एकेरी आहे आणि त्यात गुडलक चौकाकडून शिरायचं असतं, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तुम्ही मात्र त्याच रस्त्यावरून गुडलककडे निघाला आहात. कडेकडेने, मोबाइल कान आणि खांद्याच्या बेचक्यात दाबून. समोरून एक स्कूटर येते. आपल्या बाजूने, बेताच्या वेगाने. करकचून ब्रेक लागतात आणि दोन चाकांमध्ये वीतभर जागा उरते. आता तुमच्या हातात साधारण दोन सेकंद आहेत. या दोन सेकंदांत जो "अरे, सॉरी हां" म्हणाला, तो कामातून गेला. तुम्ही म्हणायचं, "ए, डोळे फुटले का तुझे?"

पुढचं बरंचसं आपोआप होतं. समोरच्याच्या डोक्यात अजून "वाचलो बुवा" एवढंच चाललेलं असतं, तोवर त्याच्यावर आरोपपत्र दाखल झालेलं असतं. रस्त्यावर जो पहिला ओरडतो तो फिर्यादी आणि उरलेला आरोपी. तो बिचारा खुलासा करायला लागतो, "अहो पण मी तर माझ्या साइडने..." आणि बघ्यांच्या मनात पहिली शंका येते, की याचं काही चुकलं नसेल तर हा एवढं समजावून का सांगतोय?

आवाज किती लावायचा, याचं एक प्रमाण आहे. इंडिकेटर न देता गाडी घुसवली असेल, तर नुसता हात हवेत उडवून "काय राव!" पुरतं. सिग्नल तोडला असेल तर हॉर्न दाबून धरायचा आणि काच खाली करून लायसन्सची चौकशी करायची, अर्थात त्याच्या. उलट्या दिशेने आला असाल तर मात्र गाडी साइड स्टँडला लावून खाली उतरावंच लागतं. चूक जेवढी मोठी तेवढा घसा मोठा, हे सूत्र सोडू नका. इंडिकेटरसारख्या किरकोळ गोष्टीसाठी उतरलात तर लोक हसतील, आणि राँग साइडला येऊन नुसतं "काय राव" म्हणालात तर समोरचा बोलायला लागेल. तो बोलायला लागला की संपलं.

हेल्मेट असेल तर ते आधी काढा. मुळात घालूच नका. हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा काढलेल्या शहरात हे वेगळं सांगायला नको. डोक्याचं जाऊ द्या, पण काचेआडून वटारलेले डोळे दिसत नाहीत आणि शिव्या तर आतल्या आतच घुमतात. कोपरात अडकवलेलं हेल्मेट त्या मानाने सोयीचं. हातवारे करताना त्याला चांगलं वजन येतं.

कायदा शक्यतो वाचू नये. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात कलम १८४ आहे, धोकादायक वाहन चालवण्याचं. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्यात सिग्नल तोडणं, चालवताना फोन हातात धरणं आणि वाहतुकीच्या उलट दिशेने जाणं हे सगळं नाव घेऊन घातलेलं आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. हे एकदा वाचलं की ऐन वेळी आवाज बसतो. फोन हातात नव्हता, खांद्यावर होता, असा बारीक युक्तिवाद तुम्हाला सुचेल. तो राखून ठेवा, पोलिसांसमोर कामाला येईल.

आता मुख्य गोष्ट. नवशिके इथेच फसतात. त्यांना वाटतं, आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करायचं आहे. छे! तसं ते होणारच नाही, कारण तुम्ही निर्दोष नाही. तुम्हाला फक्त एका माणसाची वाट बघायची आहे. प्रत्येक भांडणात तो पाचव्या-सहाव्या मिनिटाला येतोच. पन्नाशीच्या आसपासचा, हातात भाजीची पिशवी, तोंडात बहुधा तंबाखू. काय घडलं ते त्याने पाहिलेलं नसतं, त्यामुळे तो पूर्णपणे निःपक्षपाती असतो. तो दोन्ही हात वर करून म्हणतो, "जाऊ द्या हो, दोघांचंही थोडं थोडं चुकलंय."

झालं! पाच मिनिटांपूर्वी शंभर टक्के तुमची असलेली चूक पन्नासवर आली. उरलेले पन्नास त्या माणसाच्या अंगावर गेले, जो ऑफिसला निघाला होता आणि ज्याने काहीच केलं नव्हतं. सगळी आरडाओरड या एका वाक्यासाठी असते. ते कानावर पडलं की लगेच मोठं मन दाखवा, "काकांकडे बघून सोडतोय तुला," असं म्हणा आणि निघा. उलट्या दिशेनेच निघा. आता वळलात तर कबुली दिल्यासारखं होईल.

गाडी खरोखर घासली असेल तर थोडा अभ्यास हवा. लोकांचं न्यायशास्त्र दोन नियमांवर चालतं: मोठ्या गाडीची चूक, आणि मागून ठोकणाऱ्याची चूक. आपल्याला लागू पडेल तो धरायचा. तुम्ही दुचाकीवर असाल आणि समोर मोटार असेल, तर निम्मं काम झालंच आहे. "गाडीवाले माजलेत" एवढं म्हटलं की गर्दी तुमची. तुम्ही मोटारीत असाल तर दुसरा नियम काढा. रिव्हर्स घेताना तुम्हीच मागच्याला ठोकलं असेल तरी "अंतर ठेवून चालवायला काय होतं?" हा प्रश्न विचारता येतो. उत्तर द्यायला त्याला जरा वेळ लागतो.

समोरच्याचा हिशेब काय चाललाय, तेही समजून घ्या. बंपर फुटलाय, खर्च चार-पाच हजारांचा. विम्याचा क्लेम केला तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाणार. पाच वर्षं सांभाळून चालवल्यावर तो पन्नास टक्क्यांवर पोचलेला असतो. तुमच्या विम्यातून घ्यायचं तर आधी पोलीस ठाणं, तिथे हद्द कुणाची यावर तासभर, मग पंचनामा. त्यापेक्षा स्वतःच्या खिशातून केलेलं परवडलं, असं त्याचं मन त्याला सांगत असतं. त्याच्या या शहाणपणावरच तुमचा सगळा धंदा उभा आहे. फक्त समोरच्याच्या काचेवर आतून डॅशकॅम लावलाय का, हे तेवढं बघून घ्या. त्या इवल्याशा डबीने चांगल्या चांगल्या घशांची कारकीर्द संपवली आहे. दिसली तर ताबडतोब "दादा, चालायचंच" या सुरावर या.

समोर बाई असेल तर फार डोकं चालवायची गरज नाही. "बायकांना गाड्या देतातच कशाला" हे वाक्य रस्ता, वाहन, दिशा काहीही असलं तरी चालतं. चूक काय झाली, हा विषयच निघत नाही. त्याहूनही सोपा पादचारी. अलका चौकात झेब्रा पट्ट्यांवर पुढचं चाक नेऊन उभे राहा, आणि काठी टेकत कुणी आजोबा तिथून वाट काढू लागले की "मरायचंय का?" असं विचारा. त्यांच्याकडे ना हॉर्न, ना डॅशकॅम, ना पळण्याचं बळ. इथे जिंकून तुम्हाला काय मिळतं, हे मला अजून कळलेलं नाही. पण जिंकणारे रोज दिसतात, म्हणजे काहीतरी मिळत असणार.

एक आतली गोष्ट. त्या वीतभर अंतरावर गाडी थांबते तेव्हा तुमचीही तंतरलेली असते. पाय लटपटतात, तळहात ओले होतात, घरच्यांचा चेहरा क्षणभर डोळ्यांपुढे येतो. हे कुणाला दिसता कामा नये, आणि म्हणूनच घसा लगेच कामाला लावायचा. ओरडताना आवाज चिरकला तर खोकल्याचं निमित्त करा.

आणि भाऊ. एवढं सगळं करूनही समोरचा बधत नसेल, उलट शांतपणे तुमच्या नंबर प्लेटचा फोटो काढू लागला असेल, तर "तू मला ओळखत नाहीस" असं म्हणून भाऊंना फोन लावायचा. (प्लेटवर ४१४१चे 'दादा' करून घेण्याचे दिवस एचएसआरपीने, म्हणजे सक्तीच्या 'हाय सिक्युरिटी' नंबर प्लेटने, संपवत आणले, नाहीतर ओळख आपसूकच झाली असती.) भाऊ कोण, नगरसेवक की त्यांच्या ड्रायव्हरचा मेहुणा, हे महत्त्वाचं नाही. फोन उचलला गेला पाहिजे असंही नाही. कानाला लावून चार पावलं लांब जायचं, मान हलवायची, आणि परत येऊन म्हणायचं, "थांब, येतायत."

अडचण एकाच प्रसंगी येते. तुम्हीही उलट्या दिशेने आलेले, तोही उलट्या दिशेने आलेला, आणि दोघेही याच तालमीत तयार झालेले. दोघे एकाच सेकंदाला "डोळे फुटले का?" म्हणतात, दोघे एकाच वेळी साइड स्टँड लावतात. भाजीची पिशवीवाले काका येऊन म्हणतात, "दोघांचंही चुकलंय," आणि ते पहिल्यांदाच खरं असल्यामुळे दोघांनाही भयंकर लागतं. मग दोघेही फोन काढतात, चार पावलं लांब जातात आणि भाऊंना लावतात. भाऊ एकच असतात. दोघांनाही ऐकू येतं, "आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे."