आधी जाळं, मग जिताडा

रेवदंड्याच्या खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मोठा जिताडा मासा काढायचा, असं तुमचं ठरलंय ना? मग पहिलं काम म्हणजे मासा उचलायचं हातजाळं घ्या. 'लँडिंग नेट' म्हटलंत तर किंमत जास्त वाटत नाही. रॉड, रीळ, भरती-ओहोटीच्या वेळा ही किरकोळ कामं मागाहून उरकता येतात. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी ही म्हण झाली तेव्हा ऑनलाइन सेल नव्हते, हे लक्षात घ्या.

आधी कडं बघू. जिताडा मीटरभर सहज वाढतो, म्हणून काही शहाणे सांगतात, की कडं दोन-सव्वादोन फुटांचं तरी असावं. त्यांचं ऐकू नका. चांगलं जेवणाच्या ताटाएवढं घ्या. जाळं लहान तर मासा मोठा, हा फोटोचा साधा नियम आहे. अर्ध्या किलोचं पिल्लूसुद्धा त्यातून शेपूट बाहेर काढून पडलं, की व्हॉट्सॲपवर 'केवढा रे!' आलंच समजा. खरोखरच मोठा लागला तर डोकं तेवढं आत जाईल. बाकीच्याचं काय करायचं ते तो ठरवेल.

जाळी घ्या गाठीगाठींच्या नायलॉनची. रबराच्या जाळीत म्हणे खवले निघत नाहीत, अंगावरचा बुळबुळीत थर शाबूत राहतो आणि सोडलेला मासा जगायची शक्यता वाढते. शिवाय गळही सहसा अडकत नाहीत. मग मजा काय राहिली? नायलॉनमध्ये तिहेरी गळ असे गुंततात, की तुम्ही पक्कड शोधताय, मासा तडफडतोय आणि मित्र व्हिडिओ काढतोय, असा भरगच्च कार्यक्रम होतो. एक बारीकशी गोष्ट आहे, ती मनावर घेऊ नका. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी त्याची मादी होते. त्यामुळे धिप्पाड मासा बहुतेक मादीच असतो, आणि पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या तोंडाशी अंडी घालायला जाणारी तीच. म्हणजे गाठींवर तुम्ही खरवडताय ती पुढच्या सगळ्या जिताड्यांची आजी आहे. फोटोत ते काही दिसत नाही.

दांडा सहा फुटी, ओढून लांब होणारा. असला दांडा होडीतल्या माणसाला लागतो. पाण्यात उभ्या असलेल्याला आखूड पुरतो, कारण त्याचा एक हात रॉडला गुंतलेला असतो. पण एका हातात सात फुटी रॉड, दुसऱ्यात सहा फुटी दांडा आणि पायाखाली चिखल, हे दृश्य काठावरच्यांना बघायला मिळायला हवं. मला मिळालेली दाद अशी होती : "काय रे दादूस, फुलपाखरं धरायला आलास का?" विचारणाऱ्या काकांच्या हातात नुसती दोरी आणि गळ होता. मासा दमला की ते त्याला हळूहळू ओढत चिखलावर आणतात. जाळंच नाही, म्हणून बिचाऱ्यांचं इन्स्टाग्रामही नाही.

जाळं पाठीवर चुंबकाने अडकवा आणि वर गुंडाळीची लवचिक दोरी लावा. उघड्या नदीत ही सोय खरंच छान आहे. आपल्याकडे मात्र पाण्यापर्यंत जायचं ते तिवरांतून. फांदी जाळं पकडते, चुंबक सुटतं, तुम्ही विचारात मग्न होऊन पुढे जाता आणि दोरी ताणत राहते. मग फांदी जाळं सोडते. डोक्याच्या मागच्या बाजूला हात लावून पाहिलात, की मला काय म्हणायचंय ते कळेल. त्यानंतर शेपटीला काटा असलेला पाकट मासा पायाखाली येऊ नये म्हणून पाय घासत चाला, असं कोणी सांगेल. तुम्ही चकचकीत कड्याकडे बघत बिनधास्त पावलं टाका. पाकटाच्या काट्याची ओळख एकदाच होते, पण पक्की होते.

आणि प्रत्यक्ष मासा आला की? जाळं आधीच पाण्यात बुडवून स्थिर धरायचं, रॉड मागे नेत मासा डोक्याकडून त्यात आणायचा, हे आळशांचं काम. तुम्ही शेपटीकडून झडप घाला. मासा पुढे पळतो हे लहान मुलालाही ठाऊक आहे, पण आपल्याला त्याला गाफील पकडायचंय ना! शेपटीला जाळं लागताच तो उसळी मारेल, डोकं झटकेल आणि कल्ल्याच्या पात्याची धार गळाच्या दोरीवर चालवेल. ती धार ब्लेडला लाजवणारी असते. दोरी सैल झाली, की कडं वर उचलून आतलं शेवाळ शांतपणे न्याहाळा.

इतकं करून जाळं वाया जात नाही. मे महिन्यात आमचं आंबे उतरवायला निघतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'नूतन झेला' देठासकट आंबा कापून झोळीत घेतो आणि माझ्या जाळ्याच्या मानाने फुकटच पडतो. आमच्या जाळ्याला पातं नाही, कड्यात दोन आंबे बसतात आणि सहा फुटी दांडा पहिल्या फांदीलाही पुरत नाही. पण परवा खाली पडलेला एक आंबा मी न वाकता उचलला.