नव्वद लाखांचा आकडा मी का घेतला नाही

नमस्कार. युरोपातल्या चेटकाच्या खटल्यांत साधारण ४० ते ६० हजार माणसं मारली गेली, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, खरा आकडा ९० लाख आहे, मारणारं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मविरोधी मानलेल्यांना शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायासन होतं आणि मी चर्चला पाठीशी घालतोय. आरोप गंभीर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

९० लाखांचं मूळ ठाऊक आहे. १७८४ साली जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्ग गावच्या फोग्ट नावाच्या गृहस्थांनी आपल्या गावच्या दप्तरातल्या मोजक्या खटल्यांवरून हिशेब मांडला आणि साऱ्या युरोपासाठी ९४,४२,९९४ हा आकडा काढला. एका गावावरून खंडाचा हिशेब! पुढे नाझींनी चर्चविरोधी प्रचारात तो वापरला. खटल्यांची कागदपत्रं चाळणारे आजचे इतिहासकार तो मानत नाहीत.

चर्चला मात्र मी सोडलेलं नाही. जर्मनीतल्या बांबेर्गमध्ये १६२६ ते १६३१ दरम्यान जो कहर झाला, तो तिथे राज्य करणाऱ्या बिशपच्याच अमलाखाली. नगराध्यक्ष योहानेस युनिउसच्या बायकोला आधीच मारलं होतं. मग त्याला धरलं. यातनांनी हात निकामी झालेले असताना, २४ जुलै १६२८ रोजी त्याने मुलगी वेरोनिका हिला कोठडीतून चोरून पत्र लिहिलं. मी निर्दोष आहे, असं त्याने त्यात लिहिलं. काहीतरी रचून कबूल करा, नाहीतर हे थांबणार नाही, अशी विनवणी खुद्द जल्लादाने केली, असंही त्यात आहे. त्याने रचून सांगितलं. तेवढ्याने भागलं नाही, साथीदार हवे होते. गावातला एकेक रस्ता घेऊन, इथे कोण राहतं, तिथे कोण राहतं, असं विचारत त्याच्याकडून नावं वदवून घेतली. ऑगस्टमध्ये त्याला मारलं. ते पत्र वाचल्यावर कुणाला पाठीशी घालावंसं वाटेल, हे मला खरंच कळत नाही.

आता इन्क्विझिशन. १६१० मध्ये स्पेनमधल्या लोग्रोन्योला त्याने सहा जणांना जिवंत जाळलं. पण त्याच न्यायासनावरच्या सालाझार या न्यायाधीशाने पुढे गावोगाव फिरून सुमारे १,८०० जणांचे जबाब घेतले आणि चेटकाचा एकही पुरावा सापडला नाही, असं वरिष्ठांना कळवलं. १६१४ च्या नव्या नियमांनंतर तिथले दाहदंड जवळजवळ थांबले. जर्मन मुलखात मात्र त्यानंतरच सर्वांत भीषण वर्षं आली आणि तिथे शिक्षा देणारी बहुतेक स्थानिक न्यायालयं होती.

सुईणींना हेरून मारलं, हा तुमचा शेवटचा मुद्दा. बळींमध्ये चारांपैकी तीन बायका होत्या, पण सुईणी त्यांत थोड्या. इंग्लंडमध्ये तर आरोपी बाईच्या अंगावर सैतानाची खूण शोधायला सुईणींनाच बोलावत. पुष्कळदा पहिलं बोट दाखवणारा शेजारीच असे. कुणाची गाय आटलेली असे, कुणाचं मूल दगावलेलं.