ड्रॉपर कपाटामागे पडला तेव्हा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फार्मसीच्या पदवीधराला पहिल्या दिवसापासून औषधांच्या दुकानात काउंटरवर उभं राहता आलं पाहिजे, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. वेर्ण्याच्या औषध कंपनीत 11 वर्षं क्यूएमध्ये, म्हणजे गुणवत्ता सांभाळणाऱ्या खात्यात, काढलेल्या माणसानं एवढं सविस्तर लिहिलं, तेव्हा चार ओळींत उत्तर देणं बरं दिसणार नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुलं चार वर्षं केमिस्ट्री, फार्मास्युटिक्स, अ‍ॅनालिसिस शिकतात ती औषध बनवण्यासाठी. गोव्यात नोकऱ्या आहेत त्या वेर्णा, कुंडई, पिळर्णच्या कारखान्यांत. पेशंटला समजावणं हे डॉक्टरचं काम, त्यात फार्मासिस्टनं पडणं म्हणजे ढवळाढवळ. आणि मी मागते ती कौशल्यं 'गोड बोलण्याची' आहेत, त्यांना पदवी लागत नाही. या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण खरा मतभेद तिथे आहे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या डिचोलीच्या दुकानात एक मुलगा नवा लागला होता. बी. फार्म., पहिला वर्ग. दहा किलो वजनाच्या बाळासाठी तापाचं औषध न्यायला एक आई आली. चिठ्ठीवर पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स, एका वेळी सव्वा एमएल. मुलानं बरोबर बाटली काढली, एक्सपायरी पाहिली, बिल केलं. बोट ठेवायला कुठेच जागा नाही. रात्री नऊला त्या बाईंचा फोन आला. ड्रॉपर कपाटामागे पडलाय, सासूबाई म्हणतात गेल्या वेळेसारखं मापाच्या झाकणानं पाच एमएल देऊया, चालेल ना?

गेल्या वेळी होतं ते सिरप. त्याच्या 5 एमएलमध्ये 125 मिलिग्रॅम औषध असतं. ड्रॉप्सच्या एका एमएलमध्येच 100 मिलिग्रॅम, म्हणजे चौपट. पाच एमएल ड्रॉप्स म्हणजे 500 मिलिग्रॅम झाले. बाळाला एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम लागतं, म्हणजे दीडशेच्या वर जायचंच नाही. ताप उतरेना म्हणून त्यांनी रात्रीतून तीनदा दिलं असतं, तर लिव्हरला धोका होईल इतका डोस पोटात गेला असता. त्या आईनं फोन केला म्हणून वाचलं. आमच्या दुकानातून जे काम व्हायला हवं होतं ते तिनं केलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला दोन्ही बाटल्यांमधला फरक विचारला. दहा सेकंदांत त्यानं हिशोब मांडला. ज्ञान त्याच्याकडे होतं. 'हे सिरपपेक्षा चौपट कडक आहे, ड्रॉपरशिवाय देऊ नका, ड्रॉपर हरवला तर दुकानात या' हे वाक्य मात्र आदल्या दिवशी त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. या वाक्यात गोड काय आहे, सांगा. कॉन्सन्ट्रेशन म्हणजे काय हे ज्याला पक्कं कळलंय त्यालाच ते सुचतं. शेजारचा किराणावाला माझ्यापेक्षा कितीतरी गोड बोलतो, पण हे वाक्य त्याला सुचणार नाही. म्हणून मी म्हणते की ही पदवीचीच गोष्ट आहे.

तुम्ही क्यूएतले आहात, तर तुमच्याच खात्यातलं उदाहरण देते. गोळी 40 अंश तापमान आणि 75 टक्के आर्द्रतेच्या चेंबरमध्ये सहा महिने ठेवून ती टिकते का, हे तुम्ही पाहता. आता जुलैतलं, सत्तरी तालुक्यातलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. भिंतीला बुरशी, मिठाला पाणी सुटलेलं. त्या घरातली मुलगी आईच्या फिटच्या गोळ्या, सोडियम व्हॅल्प्रोएटच्या, फॉइलमधून सोडवून आठवड्याच्या डबीत भरून ठेवते. तिचा हेतू चांगलाच असतो. पण हे औषध हवेतली ओल ओढून घेतं. ते फॉइलमध्येच का ठेवायचं हे स्टॅबिलिटी शिकलेल्या माणसाइतकं कोण नीट सांगणार? तुमच्या पॅकिंगच्या लाइन क्लिअरन्सचंही तसंच. आधीच्या बॅचचं एक लेबलसुद्धा टेबलावर उरू द्यायचं नाही ही शिस्त मी काउंटरवर जशीच्या तशी आणली आहे: एका चिठ्ठीची औषधं पिशवीत गेल्याशिवाय दुसऱ्या चिठ्ठीची खाली काढायची नाहीत. त्यामुळे केमिस्ट्री कमी करा असं मी म्हणतच नाही. ती माणसाच्या घरापर्यंत पोचवता आली पाहिजे, एवढंच माझं मागणं आहे.

डॉक्टरांच्या कामात ढवळाढवळ होते म्हणता. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये पेशंटशी बोलणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. डोस, किती दिवस, कसं घ्यायचं, नेहमी दिसणारे त्रास, कुठे ठेवायचं, डोस चुकला तर काय करायचं, हे सगळं त्यात आलं. पण कायदा बाजूला ठेवा. मधुमेहाची गोळी ग्लिमेपिराइड नाश्त्यासोबत घ्या असं चिठ्ठीवर असतं. आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांचा नाश्ता म्हणजे कपभर काळा चहा, आणि खरं खाणं अकराच्या पेजेला. आठ वाजता गोळी घेतली की दहा-साडेदहाला साखर उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात. ओपीडीत पन्नास पेशंट बसलेले असताना डॉक्टरांना हे विचारायला वेळ कुठून मिळणार? मी वेळ परस्पर बदलत नाही, तो माझा अधिकारच नाही. मी फोन करते, ते वेळ सांगतात, मी पट्टीवर लिहून देते. आजवर एकाही डॉक्टरनं याला ढवळाढवळ म्हटलेलं नाही.

आणि हे सांगायचं त्या माणसाच्या भाषेत. आजीला कोकणीत 'दिसाक तीन फावटीं', म्हणजे दिवसातून तीनदा, म्हटलं की कळतं. बांधकामावरच्या मजुराला 'ऊट आद मेले', म्हणजे जेवण झाल्यावर, हे तीन कन्नड शब्द पुरतात. नव्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हे शिकवते.

आता जिथे तुमचं खरं आहे ते मान्य करते, आणि त्याचं मला वाईटही वाटतं. मुलं हे शिकणार कुठे, असं तुम्ही विचारलंत. डिप्लोमाच्या मुलाला 500 तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण करावं लागतं. पदवीच्या अभ्यासक्रमात चार आठवड्यांत पसरलेले 150 तास आहेत, आणि तेही कारखान्यात किंवा लॅबमध्ये केले तरी चालतात. म्हणजे चार वर्षं शिकलेला मुलगा एकदाही पेशंटसमोर उभा न राहता पदवीधर होऊ शकतो. फार्मसी प्रॅक्टिस हा विषय सातव्या सेमिस्टरला येतो, पण तो लेखी पेपर. नोंदणी मात्र दोघांचीही त्याच रजिस्टरात होते. पहिल्या दिवसापासून उभं राहता यावं हे मी लिहिलं तेव्हा सगळा भार मुलांवर टाकला, ते चुकलं. पणजीत 1963 पासून सरकारी फार्मसी कॉलेज आहे, बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, आहे. गोव्याचं एक टोक ते दुसरं टोक दोन-अडीच तासांचं. इथे प्रत्येक मुलाला चार महिने वॉर्डात आणि काउंटरवर उभं करणं जमणार नसेल, तर मग कुठे जमणार?

पगाराचंही तुम्ही बरोबर लिहिलंत. वेर्ण्याला जो पगार मिळतो तो मी देऊ शकत नाही, आणि चांगली मुलं सहा-आठ महिन्यांत निघून जातात. भाड्यानं दिलेल्या सर्टिफिकेटांबद्दल तुम्ही लिहिलंत ते तर अक्षरशः पटलं. भिंतीवर फ्रेम आणि तो माणूस घरी, अशा दुकानात समजावणार कोण? 1948 च्या फार्मसी कायद्यात कलम 42 त्यासाठीच आहे: चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं. ते पाळलं गेलं तर पदवीधराला काउंटरवर किंमत येईल, आणि पगाराचंही काही होईल असं मला मनापासून वाटतं.

शेवटी तुम्ही थेट विचारलंत: तुमच्या दुकानात प्रत्येकाला हे सगळं सांगता का? नाही. संध्याकाळी सातला पंधरा माणसं उभी असतात तेव्हा शक्य होत नाही. म्हणून काही जण ठरवले आहेत, त्यांना सांगितल्याशिवाय पिशवी हातात द्यायची नाही. लहान मूल, पहिल्यांदा सुरू झालेलं औषध, इन्शुलिन, इनहेलर, आणि संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट, जी चुकून रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. सांगून झालं की विचारायचं, 'आता घरी कसं देणार, ते मला सांगा.' उत्तर बरोबर येईपर्यंत रांग थांबते. तो मुलगा अजून माझ्याकडे आहे. ड्रॉप्सची बाटली देताना तो आता खोका उघडतो, ड्रॉपर बाहेर काढतो आणि सव्वा एमएल कुठे येतं तिथे पेनानं रेघ मारून देतो.